वीस वर्षांची स्पोर्ट्स कार : घ्यायला सोपी, सांभाळायला अवघड का?

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फीडमध्ये येतं. लाल किंवा पिवळी बुटकी गाडी, मागे धडधडणारं म्युझिक आणि खाली ओळ, 'नव्या छोट्या गाडीच्या पैशात स्पोर्ट्स कार'. कमेंटमध्ये मित्राला टॅग करून 'भावा, घेऊन टाकू' म्हणणाऱ्यांची रांग लागलेली असते. रीलमध्ये न दिसणारी गोष्ट एकच असते. ती म्हणजे गाडीचं वय.

हे वय २०२५ मध्ये अचानक बातमीत आलं. ऑगस्टमध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांची नोंदणी नव्याने करण्याची फी दुप्पट केली. त्याच काळात ई-२० पेट्रोलवरून देशभर वाद पेटला. डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या जुन्या गाड्यांना दिलेलं संरक्षण कमी केलं. या तिन्हींचा फटका दारात उभ्या असलेल्या साध्या मारुतीलाही बसतो आणि हौसेने घेतलेल्या स्पोर्ट्स कारलाही. पण दोघींचं गणित वेगळं आहे.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावात एखाद्याने अशी जुनी स्पोर्ट्स कार आणायची म्हटली, तर त्याला नेमकं काय मिळेल आणि त्याची किंमत काय मोजावी लागेल, ते समजून घेऊ.

आधी, स्पोर्ट्स कार म्हणायचं कशाला?

काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणजे कमी उंचीची, बहुतेकदा दोन माणसांची, सामान आणि सोयीपेक्षा चालवण्याच्या मजेसाठी बनवलेली गाडी. फेरारी, पोर्शे, ऑडी टीटी या त्या जातीच्या. भारतात मात्र या शब्दात आणखी एक गट येतो. घरगुतीच गाडी, पण इंजिन जोरदार, सस्पेन्शन कडक. फियाटची पॅलिओ १.६, होंडा सिटीची जुनी व्हीटेक, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस या त्यातल्या. मध्यमवर्गीयाची स्पोर्ट्स कार म्हणतात ती हीच.

यातल्या बऱ्याच गाड्यांचं महाराष्ट्राशी जवळचं नातं आहे. पॅलिओ २००१ मध्ये आली, ती कुर्ल्याच्या कारखान्यातून. तिची जाहिरात सचिन तेंडुलकर करायचा आणि तिची 'एस १०' नावाची खास आवृत्तीही त्याच्या नावावरच निघाली होती. स्कोडाने त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरजवळ, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, शेंद्रा एमआयडीसीत ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. काही वर्षांत तिचा तिखट अवतार, आरएस, भारतात आला. १.८ लिटरचं टर्बो इंजिन आणि सुमारे १५० हॉर्सपॉवर. त्या काळात मारुती ८०० ची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्याही आत होती, यावरून अंदाज यावा.

त्या पहिल्या आरएस गाड्या आता विशीत पोचल्यात. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने नवी ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली तेव्हा गाड्या होत्या फक्त १०० आणि किंमत होती ४९.९९ लाख रुपये. नवीन हाताला लागत नाही म्हटल्यावर लोकांची नजर जुन्या गाडीकडे वळते.

सचिनची फेरारी काय शिकवते?

महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चा झालेली स्पोर्ट्स कार कोणती, याचं उत्तर शाळकरी पोरंही देतील. कसोटी शतकांच्या बाबतीत सचिनने डॉन ब्रॅडमनची २९ शतकांची बरोबरी केली आणि २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मॉडेना भेट मिळाली. चावी दिली ती मायकेल शूमाकरने, इंग्लंडमध्ये.

गाडी फुकट होती, पण ती भारतात आणायची तर आयात शुल्क भरावं लागणार होतं. ही रक्कम सुमारे १.१३ कोटी रुपये होत असल्याचं तेव्हा छापून आलं. सरकारने शुल्क माफ केलं, त्यावर टीका झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर शुल्क भरण्याची जबाबदारी फियाटने उचलली. पुढे २०११ मध्ये सचिनने ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

या गोष्टीत क्रिकेट बाजूला ठेवलं तरी एक धडा उरतो. स्पोर्ट्स कारची किंमत आणि ती बाळगण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेट मिळालेल्या गाडीलाही खर्च चुकत नाही.

३६० मॉडेनाचंच उदाहरण घ्या. तिच्या व्ही-८ इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो गाडी किती किलोमीटर पळाली यावर नाही, तर किती वर्षं झाली यावर बदलतात. ढोबळ पद्धत दर तीन वर्षांनी बदलण्याची आहे. गाडी वर्षभर कापडाखाली झाकून ठेवली तरी बेल्टचं रबर म्हातारं होतच असतं. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही हजारांच्या पट्ट्यासाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं.

मग लोक घेतात तरी कशाला?

कारण मजा खरी आहे. आणि ती फक्त वेगाची नाही.

वीस वर्षांपूर्वीच्या गाड्या आजच्यापेक्षा हलक्या होत्या. स्टिअरिंगला बहुतेक ठिकाणी हायड्रॉलिक मदत होती, त्यामुळे रस्त्याचा खडबडीतपणा, टायरची पकड हाताला जाणवायची. आज बहुतेक गाड्यांत ते काम इलेक्ट्रिक मोटर करते. स्टिअरिंग हलकं झालं, पण हाताला निरोप येणं कमी झालं. गिअर हाताने टाकायचे, क्लच पायाने सांभाळायचा, टर्बोचा दम भरेपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग सीटला पाठ चिकटायची. या गाडीत चालवणाऱ्याला काम असतं, आणि मजाही तिथेच असते.

दुसरी मजा शिकण्याची. जुनी गाडी समजून घेता येते. कुठून आवाज येतो, थंड असताना कशी वागते, गरम झाल्यावर काय करते, हे मालकाला पाठ होतं. अशा मालकांची आपसात ओळख होते, एकाकडे असलेला पार्ट दुसऱ्याला मिळतो, एखादा जुना मिस्त्री घरच्यासारखा होतो.

तिसरं कारण शुद्ध पैशाचं आहे. नव्या गाडीचा सर्वात मोठा खर्च पेट्रोल नसून घसारा असतो. विमा कंपन्यांच्या तक्त्यातच पहिल्या पाच वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर येते. वीस वर्षांच्या गाडीने हे नुकसान आधीच्या मालकांच्या खिशातून वसूल केलेलं असतं. नीट ठेवली तर ती घेतलेल्या भावाच्या आसपास विकली जाऊ शकते. काही मोजक्या मॉडेलचे भाव वाढतातही. पण सगळ्यांचे वाढत नाहीत, आणि 'गुंतवणूक आहे' म्हणून गाडी घेणाऱ्याने दुरुस्तीची बिलं त्या नफ्यातून वजा करायची असतात.

खर्च नेमका कुठे होतो?

लोकांना वाटतं, जुन्या गाडीचं इंजिन खर्चात टाकतं. प्रत्यक्षात लोखंड टिकतं. आधी जातं ते रबर आणि प्लास्टिक.

बुश, होज पाइप, गॅस्केट, ऑइल सील, बेल्ट, वायरिंगवरचं आवरण, कूलंटच्या प्लास्टिकच्या जोडण्या. या सगळ्यांना वय असतं. ऑक्टाव्हिया आरएसमधलं १.८ टर्बो इंजिन जगभर मजबूत म्हणून ओळखलं जातं, पण त्याच्या ठरलेल्या खोडीही जगभर सारख्याच आहेत. इग्निशन कॉइल जातात, व्हॅक्यूमचे पाइप तडकतात, वॉटर पंपाचा प्लास्टिकचा पंखा दगा देतो, वेळेवर ऑइल बदललं नाही तर टर्बोकडे जाणारी ऑइलची वाट काजळीने चोंदते.

यात परभणीचं हवामान भर घालतं. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणं इथे नवलाचं नाही. रेडिएटर, फॅन आणि कूलंट यांतलं काहीही ढिलं असेल तर ते दुपारच्या सिग्नलला नाही, तर सेलूच्या अलीकडे रेल्वे फाटकावर कळतं. शिवाय बुटकी गाडी आणि गावातले स्पीड ब्रेकर यांचं जमत नाही. खालून घासलेली ऑइल पॅन वेळेत दिसली नाही तर इंजिन ऑइलविना चालतं आणि मग बिलाला आकडा राहत नाही.

तिसरी अडचण अंतराची. टर्बो इंजिन, ईसीयू, स्कॅनर हे समजणारा माणूस तालुक्याला असेलच असं नाही. गाडी संभाजीनगर किंवा पुण्याला न्यायची, तीही चालू असेल तर. बंद पडली तर टोइंगची गाडी बोलवायची. पार्ट मागवला, तो चुकीचा आला, परत पाठवला, यात महिना जातो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्टच्या बाजारात हिंडून एखादी वस्तू दुपारपर्यंत हाती लागू शकते. वालूरच्या मालकाला तीच वस्तू फोनवर फोटो पाहून, भरवशावर घ्यावी लागते.

आणि चौथं, उभी राहणं. हौसेची गाडी रोज निघत नाही. बॅटरी उतरते, ब्रेक डिस्कवर गंज चढतो, टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज इथे फसवतो. दहा वर्षांत पाच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा दर आठवड्याला निघणारी गाडी अनेकदा निरोगी असते.

कंपनीच राहिली नाही तर?

स्कोडा, होंडा निदान आहेत. ज्यांची कंपनीच उरली नाही, त्यांचं काय होतं हे पाहायला दोन देशी उदाहरणं पुरेशी आहेत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची छोटी दोन सीटची गाडी आणली. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं १.२ लिटरच्या आसपासचं, सुमारे ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. दिसायला स्पोर्ट्स कार, ताकद मात्र हॅचबॅकची. गाडी फारशी खपली नाही.

दुसरं उदाहरण डीसी अवंतीचं. दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीने ती २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली. इंजिन मधोमध, ताकद मागच्या चाकांना, दोन लिटरचं रेनॉचं टर्बो आणि सुमारे २५० हॉर्सपॉवर. भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून तिचं कौतुक झालं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. एकाच गाडीवर अनेक कर्जं काढल्याचा आणि नोंदणीत गडबड केल्याचा आरोप त्या प्रकरणात होता.

या दोन्ही गाड्यांचं इंजिन रेनॉचं असल्याने ते कदाचित दुरुस्त होईल. पण पुढची काच फुटली, दिवा गेला, दाराची मूठ तुटली तर? ते भाग दुसऱ्या कुठल्या गाडीला बसत नाहीत. मग एक तर बनवून घ्यायचे, नाही तर दुसरी बंद गाडी विकत घेऊन तिचे काढायचे. म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घेताना जाणकार आधी इंजिन नाही, काचा आणि दिवे बघतात.

सरकारी फी किती जड?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ती दर पाच वर्षांनी पुढे वाढवायची. ऑगस्ट २०२५ नंतरचे दर असे :

- कार, १५ ते २० वर्षं : ५,००० रुपये
- कार, २० वर्षांपुढे : १०,००० रुपये
- मोटारसायकल, २० वर्षांपुढे : २,००० रुपये
- आयात केलेली कार, १५ ते २० वर्षं : ४०,००० रुपये
- आयात केलेली कार, २० वर्षांपुढे : ८०,००० रुपये

महाराष्ट्रात यावर पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी नंबर प्लेट लावावी लागते, तो खर्च वेगळा.

आकडे मोठे दिसतात, पण पाच वर्षांवर पसरले की चित्र बदलतं. दहा हजार रुपये म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच रुपये. आयात गाडीचे ऐंशी हजार म्हणजे दिवसाला चव्वेचाळीस. फेरारीच्या मालकाला याने घाम फुटणार नाही. ऑक्टाव्हिया आरएसच्या हौशी मालकालाही चार इग्निशन कॉइल आणि एक टायमिंग बेल्ट याहून महाग पडू शकतो.

खरा भार दुसरीकडे पडतो. हेच दहा हजार वीस वर्षांच्या मारुती ८०० लाही लागतात, आणि बाजारात त्या गाडीला पन्नास हजार मिळाले तरी नशीब. म्हणजे गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा एका फीमध्ये जातो, तोही एकरकमी. स्पोर्ट्स कारवाल्यासाठी जी किरकोळ रक्कम, ती आजारी माणसाला रात्री सेलूच्या किंवा परभणीच्या दवाखान्यात नेण्यासाठी गाडी ठेवणाऱ्या घराला जड जाते. जुनी गाडी म्हणजे हौस, हे शहरातलं समीकरण आहे. गावात ती बहुतेकदा गरज असते.

ई-२० पेट्रोलने काय बिघडतं?

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी तयार होऊ लागल्या. वीस वर्षांच्या गाडीचा जन्म झाला तेव्हा हा विषयच नव्हता.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अंदाज दिला आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या कारचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटू शकतं. दहाचं मायलेज देणारी गाडी महिन्याला ५०० किलोमीटर फिरली तर साधारण साडेतीन लिटर जास्त लागतील. लिटरला १०५ रुपये धरले तर पावणेचारशेच्या आत. परभणीकरांना हे जास्त टोचतं, कारण राज्यात सर्वात महाग पेट्रोल कुठे, या बातमीत परभणीचं नाव वारंवार येतं. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून इथवर टँकर येण्याचा वाहतूक खर्च त्यामागे आहे.

मात्र हौसेच्या गाडीला मायलेजपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला त्रास देतं. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ही दोन्ही कामं शांतपणे चालू असतात. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं. हा खर्च किरकोळ असल्याचं मंत्रालयाचं म्हणणं आहे. साध्या गाडीसाठी ते खरंही असेल. ज्या गाडीचा पार्टच मिळत नाही, तिच्यासाठी 'किरकोळ' हा शब्द चालत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ई-२० चा ऑक्टेन आकडा जुन्या साध्या पेट्रोलपेक्षा जास्त आहे आणि टर्बो इंजिनाला जास्त ऑक्टेन मानवतं. आणि इथेनॉलचा पैसा उसातूनही येतो. परभणी जिल्ह्यातही ऊस आहे, साखर कारखाने आहेत. त्यामुळे एकाच घरात थोरला भाऊ इथेनॉलमुळे उसाचं बिल वेळेवर निघावं म्हणून आशेवर आणि धाकटा गाडीच्या फ्युएल पाइपकडे बघून चिंतेत, असं चित्र इथे सहज दिसू शकतं.

विमा उतरवला की निश्चिंत?

पूर्ण नाही. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या वयावर नाही, इंजिनाच्या आकारावर ठरतो. १५०० सीसीच्या वरच्या कारला २०२२ च्या दरांनुसार तो ७,८९७ रुपये आहे, कर वेगळा. पण तो विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी.

स्वतःच्या गाडीचा विमा घेताना आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा किंमत, ठरवावी लागते. पाच वर्षांपर्यंत त्याचा तक्ता आहे, पुढे मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायचं. इथेच घासाघीस होते. मालकाच्या मते गाडी अनमोल, कंपनीच्या मते भंगाराच्या वरची. क्लेमच्या वेळी रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासवर ३० टक्के, दहा वर्षांपुढच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. शून्य घसाऱ्याची पॉलिसी इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे निम्मं बिल मालकाचंच.

आणि साध्या सेडानला बॉडीकिट चढवून, छत कापून 'स्पोर्ट्स कार' केली असेल तर प्रश्न आणखी मोठा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. अशी गाडी फिटनेसला अडकते आणि अपघातानंतर क्लेमलाही.

दिल्लीची गाडी इतकी स्वस्त का?

रीलमधल्या बऱ्याच गाड्यांच्या पाट्या दिल्ली किंवा हरियाणाच्या असतात, ते उगाच नाही. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आहे. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने अशा मालकांवर कारवाई करू नये असं सांगितलं. १७ डिसेंबरला त्यात बदल झाला आणि संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं उरलं. २००४-०५ च्या गाड्या त्याच्या आधीच्या. म्हणजे तिथल्या मालकाला ती विकावीच लागते.

महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयाची बंदी नाही. पण स्वस्त गाडी इथे आणली की काम सुरू होतं. मूळ आरटीओची एनओसी, इथला कर, परभणीत एमएच-२२ पासिंगसाठी तपासणी. तिकडे नोंदणी आधीच रद्द झाली असेल तर कागद पुढे सरकत नाही आणि हातात उरतं ते शोभेचं लोखंड. विकणारा 'एनओसी नंतर पाठवतो' म्हणाला, तर पैसेही नंतरच पाठवावेत.

ना नवी, ना वारसा

भारतात विंटेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण ५,००० रुपयांत. अट एवढीच की अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरतीच बाहेर काढायची.

मग २००४ ची गाडी यात कधी बसेल? २०५४ नंतर. तोवर तीस वर्षं ती फक्त 'जुनी गाडी' असते, म्हणजे नियमांच्या भाषेत प्रदूषण करणारी आणि लवकर भंगारात जावी अशी. इतर देशांनी ही मधली पोकळी कमी ठेवली आहे. जर्मनीत तीस वर्षांच्या, नीट जपलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची वेगळी पाटी मिळते. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडली की रस्ता करात सूट मिळते. आपल्याकडे पंधरा ते पन्नास या वयात गाडी कशी ठेवली आहे, याला फीमध्ये किंमत नाही. आठवड्यातून एकदा निघणारी, पीयूसीत उत्तम आकडे देणारी गाडी आणि रोज धूर ओकणारी गाडी यांची फी सारखीच.

जपणूक म्हणजे काय, हे वालूरला वेगळं सांगायला नको. इथली चक्राकार पायऱ्यांची बारव गाळाने आणि कचऱ्याने भरली होती. गावकऱ्यांनी ती मोकळी केली आणि आज लोक ती बघायला दुरून येतात. जुनी वस्तू आपोआप वारसा होत नाही. मधल्या काळात कुणीतरी गाळ उपसत राहिलं तरच ती तिथवर पोचते. गाडीचंही तसंच आहे.

तर मग घ्यावी का?

घ्यायची असेल तर काही गोष्टी आधी पक्क्या कराव्यात.

- घरात दुसरी भरवशाची गाडी किंवा दुचाकी हवी. जुनी स्पोर्ट्स कार घरातलं एकमेव वाहन असेल तर मजा पहिल्या बिघाडात संपते.
- गाडीच्या किमतीएवढी नाही, तरी निदान तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. जुन्या गाडीचं पहिलं वर्ष आधीच्या मालकाची टाळाटाळ निस्तरण्यात जातं.
- आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष पाहून जुळवावा. आयात गाडी अशी नोंद आहे का, कर्जाचा बोजा उतरवला आहे का, तेही पाहावं.
- टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागावं. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरावं.
- टायरवरचा चार आकडी कोड वाचावा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसणारा दहा वर्षांचा टायर समृद्धी महामार्गावर ताशी १२० ला फुटू शकतो.
- आधी मिस्त्री शोधावा, मग गाडी.

एवढं करूनही हिशेब पैशात जुळेलच असं नाही. हौसेचा हिशेब तसा जुळत नसतोच. ज्याला रविवारी सकाळी बॉनेट उघडून दोन तास घालवणं म्हणजे सुट्टी वाटते, त्याला ही गाडी स्वस्त आहे. ज्याला फक्त रील करायचं आहे, त्याला ती कितीही कमी भावात मिळाली तरी महागच पडेल.

धोरणाचा प्रश्न मात्र या हौशी मालकांपुरता नाही. गाडीचं वय मोजायचं की तिची अवस्था, हे सरकारला कधीतरी ठरवावं लागेल. वय मोजणं सोपं असतं, त्याला फक्त आरसीवरची तारीख लागते. अवस्था मोजायला जिल्ह्याजिल्ह्यात नीट चालणारी तपासणी केंद्रं लागतात. ती उभी राहत नाहीत तोवर फेरारीचा मालक ऐंशी हजार भरून मोकळा होईल, ऑक्टाव्हियावाला दहा हजार भरून नवा बुश शोधायला निघेल, आणि जुन्या ८०० चा मालक फी भरावी की गाडी भंगारात द्यावी, या विचारात आरटीओच्या खिडकीसमोर उभा राहील.